आपल्या क्षेत्रातील ध्रुवीकरण

आमचे शेजारी निवृत्ती सर नव्या माणसाला गाव विचारत नाहीत की आडनाव. चष्म्यावरून दोन मिनिटं न्याहाळतात आणि त्याचा अणू ठरवून टाकतात. मी बदली होऊन आणे गावच्या शाळेत आलो, त्या दिवशी त्यांनी चहाला बोलावलं. मी बिनसाखरेचा घेतो म्हटलं होतं. त्यांनी दोन चमचे घातले आणि मी "छान झालाय" म्हणत प्यालो. सर म्हणाले, "तुम्ही सोडियम. लगेच झुकता."

सर मंचरकडच्या एका कॉलेजात आयुष्यभर फिजिक्स शिकवून गावी परतलेले. माणसं मोजायचं त्यांचं माप एकच. विजेचं क्षेत्र आलं की अणूतला इलेक्ट्रॉनांचा ढग एका अंगाला कलतो, हे ध्रुवीकरण. पण कलायचं तर अणूला आपल्या तळाच्या ऊर्जापातळीत वरच्या पातळीचा थोडा अंश मिसळून घ्यावा लागतो. वरची पातळी जवळ असेल तर तो चटकन कलतो, लांब असेल तर ढिम्म. मी स्वतः फिजिक्सचा पदवीधर आहे, पण हा भाग मी ऑप्शनला टाकला होता. त्यामुळे सर बोलू लागले की मी मान हलवतो. तीही सोडियमसारखीच हलते म्हणे.

कुणी हट्टाला पेटला की सर म्हणणार, "त्याची वरची पातळी लई लांब आहे, राव." आमचे मुख्याध्यापक निऑन. आमची ही हेलियम, म्हणजे सगळ्यांत कडक. ही पदवी मी कौतुकानं घरी सांगितली आणि दोन दिवस खिचडी खाल्ली.

या अणूंनीच सरांचा घात केला. आठ वर्षांपूर्वी पंचायतीच्या निवडणुकीत त्यांच्या धाकट्या भावानं, सोपानभाऊंनी, गट बदलला. सर भर पारावर म्हणाले, "आमचा सोपान म्हंजे सिझियम. कुणीबी यावं, झुकवावं." गावाला सिझियम ऐकूच आलं नाही. 'शिजलंय' ऐकू आलं. दुसऱ्या दिवसापासून धाकटे डेअरीवर दूध घालायला गेले की लोक विचारायचे, "काय सोपानराव, शिजलं का?" तेव्हापासून सोपानभाऊ थोरल्याशी बोलत नाहीत. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. पलीकडे सोपानभाऊ खोकले की सर आपला टीव्ही बारीक करतात. मी कारण विचारलं तर म्हणतात, "आवाज जास्त व्हता."

यंदा विज्ञानदिनाला सरांनी पारावर व्याख्यान द्यायचं काढलं. मला विषय सांगितला आणि मग भिंतीकडे बघत म्हणाले, "तो आला तर बरं व्हईल. इतरांचं काय, न्हाई आले तरी चालंल."

फळा लिहायचं काम अर्थातच मी घेतलं. विषय होता 'विद्युत क्षेत्रातील पदार्थाचे ध्रुवीकरण'. माझं अक्षर मोठं. जागा पुरेना, म्हणून मी 'विद्युत' आणि 'पदार्थाचे' गाळलं. मग ते फार रुक्ष दिसायला लागलं, म्हणून पुढे पदरचा 'आपल्या' जोडला. पारावर फळा झळकला: 'आपल्या क्षेत्रातील ध्रुवीकरण. वक्ते: निवृत्ती सर. सर्वांनी यावे.' निवडणूक तोंडावर आली होती, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. उलट फळ्याचा फोटो मी हौसेनं स्टेटसला ठेवला.

चार वाजता दोन्ही गट झाडून हजर. मधे वाट सोडून समोरासमोर बसले. एक पोलीस मला परवानगी विचारून गेला. सोपानभाऊ आपल्या गटात, पुढच्या रांगेत, टोपी कपाळावर ओढून.

सरांनी हायड्रोजनपासून सुरुवात केली. दहा मिनिटांनी एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सर, ह्ये क्षेत्र किती एकर?" दुसरा म्हणाला, "त्ये भाराचं सांगा. भार कुणाचा जास्त, त्यांचा का आमचा?" मी फळ्याआड लपलो. तिथूनही पाय दिसत होते.

सरांनी खडू खाली ठेवला. "एक दुरुस्ती करायची ऱ्हायलीय. इथंच मी सोपानला सिझियम म्हणलो. त्याचं हसं झालं. पण आई अंथरुणाला खिळली तवा ह्योच झुकला. पाच वर्सं तिच्या उशाशी बसला. मी मंचरला हेलियम होऊन बसलो." सर सोपानभाऊंकडे वळले. "पण झुकत न्हाई असा अणूच नसतो. हेलियमसुद्धा झुकतो, थोडा. आन् तळातला अणू झुकला की त्याची ऊर्जा उतरते. हलकं वाटतं, राव. सोपान, चुकलं माझं."

सोपानभाऊ उठले, टोपी वर सारली.

"दादा, अणूचं मला काय समजलं न्हाई. पण मी खोकलो की तू टीव्ही बारीक करतोस, त्ये करू नगंस. माझा कवाच बंद पडलाय. आठ वर्सं मी तुझ्याच बातम्या ऐकतोय, आन् खोकला आला की निम्म्या ऱ्हात्यात."

मला फळ्यामागे रडू आलं, ते मी खडूच्या धुळीवर ढकललं.

आता सरांचा टीव्ही मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. आवाज कमी करा म्हणून सांगायला मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा दोघं भाऊ शेजारी बसून बातम्या बघत होते. दोन चमचे साखरेचा चहा प्यालो, "छान झालाय" म्हणालो आणि परत आलो.