गप्प गिऱ्हाइकांचा बाजार

जहागीरदारांची जमीन जेमतेम तीन एकर. ही पदवी त्यांना बढाया मारण्याबद्दल मिळाली होती. शेतकऱ्याला आपला माल थेट गिऱ्हाइकाला विकता येईल असा नियम सरकारने केला, शहरात पत्र्याचे गाळेही बांधून दिले, तेव्हा त्यांनी बायकोला बजावलं, "आजपासून भाव मी ठरवणार. तू फक्त पिशव्या भर."

बायकोने मान डोलावली. तिला काळजी टोमॅटोंची होती. माल पुरता पिकला होता. दुपारपर्यंत खपला नाही, तर पुन्हा जुन्या व्यापाऱ्याच्या घशात जाणार होता. तो तर कोपऱ्यावर टेम्पो लावून दात कोरत उभाच होता.

गाळा मांडून ती चहा आणायला गेली, आणि पहिलं गिऱ्हाईक आलं, एक मास्तरीणबाई.

"कसे दिले?"

"चाळीसने किलो," जहागीरदार ऐटीत म्हणाले.

बाई गप्प. बिचाऱ्या पर्समध्ये चष्मा शोधत होत्या. पण जहागीरदारांचा जन्म व्यापाऱ्यापुढे उभं राहण्यात गेलेला. शेठ गप्प बसला की आपण भाव उतरवायचा, ही रीत अंगात भिनलेली.

"बरं, पस्तीस."

बाईंना चष्मा सापडला, पण त्यांनी तो घालायची घाई केली नाही.

"तीस," जहागीरदारांना घाम फुटला.

अशी बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? शिंपी आला, न्हावी आला, शेजारच्या गाळ्यातला कांदेवालाही पिशवी घेऊन आला. सगळे हाताची घडी घालून, तोंड मिटून उभे. एवढी शांत रांग दवाखान्यातसुद्धा नसते. भाव अठरावर आला.

बायको परतली तेव्हा जहागीरदार "पंधरा" म्हणायला तोंड उघडत होते. सगळा प्रकार तिच्या लगेच ध्यानात आला. चहा खाली ठेवत ती म्हणाली, "भाव चाळीस. आणि जो गप्प उभा राहील, त्याला बेचाळीस."

कुणी बोलेना.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली.

त्यासरशी सगळ्यांना एकदम कंठ फुटला. "वहिनी, मला दोन किलो!" "अहो, मी कधीचा बोलतोय!" मास्तरीणबाई तर पीक कसं आलं, पाणी किती दिलं, असं विचारताना थांबायलाच तयार नव्हत्या.

दुपारी थोडेच क्रेट उरले, तेव्हा व्यापारी आला. हॉटेलवाल्याला त्याने माल कबूल केला होता. "काय घ्यायचे उरलेल्याचे?"

"हे तुमचे शेठ," बायको नवऱ्याला म्हणाली. "तुम्हीच सांगा."

"चाळीस," जहागीरदार पुटपुटले.

व्यापारी क्रेटवर वाकून टोमॅटो चाचपत राहिला. एक शब्द नाही. मान वर करून पाहतो तर जहागीरदारही गप्प! गाल रागाने फुगल्यासारखे, डोळ्यांत पाणी, पण तोंड घट्ट मिटलेलं. अखेर व्यापाऱ्याचीच चुळबुळ झाली. त्याने मुकाट्याने पाकीट काढलं.

टेम्पो गेला आणि बायकोला भरून आलं. आपला माल आपल्या भावाने जाताना ती पहिल्यांदाच पाहत होती. "पुढच्या हंगामात अर्धा एकर जास्त लावू," ती म्हणाली. "पण एवढा धीर आणलात कुठून हो?"

जहागीरदारांना उत्तर द्यायला वेळ लागला. गालातला अख्खा टोमॅटो आधी गिळायचा होता.

"धीर कसला," ते म्हणाले. "पस्तीस म्हणायला तोंड मोकळं कुठे होतं?"