साळिंदरांनी पाठ फिरवली

एका जंगलात, बाळांनो, रानकुत्र्यांची मोठी टोळी होती. तिचा सेनापती विक्राळ.

एकदा टोळीनं वाघाच्या गुहेला वेढा घातला. झाडून सगळे गुहेभोवती भुंकत फिरू लागले. दिवसरात्र भुंकले. वाघाचं डोकं उठलं. शेवटी तो कंटाळून दुसऱ्या रानात निघून गेला. विक्राळनं जाहीर केलं, की वाघ आपल्याला बघून पळाला. टोळीनं त्याच्या गळ्यात हार घातला.

पुढं झऱ्याची टेकडी जिंकायची होती. तिथं साळिंदरं राहत. हेर लांबूनच बघून आला. म्हणाला, बुटकी जनावरं आहेत, अंगावर चार काड्या खोचलेली. एवढ्यासाठी अख्खी टोळी कशाला दमवायची? थोडी तरणी पोरं पुरेत. बाकीच्यांनी मिरवणुकीच्या तयारीला लागावं.

विक्राळला ते पटलं. तोही मिरवणुकीसाठी मागं राहिला.

निवडलेल्या पोरांत म्हाताऱ्या आवडाक्काचा पवळ्या होता. आवडाक्कानं तरुणपणी साळिंदराचा काटा नाकात घेतला होता. ती म्हणाली, "विक्राळदादा, वाघाला आपण सगळ्यांनी मिळून हैराण केलं. इथंही सगळेच जाऊ. साळिंदर पाठमोरं झालं, की जपायचं असतं."

विक्राळ हसला. लढाया आत्मविश्वासानं जिंकतात, असं त्यानं तिला समजावलं.

पोरं टेकडी चढली. साळिंदरांनी पाठ फिरवली. पोरांना वाटलं, पळाली. ती तोंडं वासून मागं धावली. आणि साळिंदरं काटे फुलवून उलटी त्यांच्यावर आली.

पोरं गडगडत खाली आली. पवळ्या आला नाही.

सभा भरली. अजिंक्य टोळी हरलीच कशी, असं विक्राळनं जड आवाजात विचारलं. हेर म्हणाला, निघताना कोणीतरी शंकेचा शब्द काढला होता. सगळे आवडाक्काकडे बघू लागले.

"माझा पोरगा गेला रे," ती म्हणाली. "मी आधीच बोलले होते."

"तेच तर," विक्राळ हळूच म्हणाला. "तू बोलली होतीस."

आवडाक्काला रानाबाहेर हाकललं. दुसऱ्या दिवशी विक्राळनं सगळी टोळी नेली, साळिंदरांना चहूबाजूंनी घेरलं आणि टेकडी जिंकली. अपशकुनी तोंड गेलं म्हणून यश आलं, असं तो झऱ्यावर पाणी पिता पिता म्हणाला.

तात्पर्य : बाळांनो, पुढचा खड्डा दिसला, तर गप्प बसावं. जिंकल्याचा हार कोणाच्या गळ्यात घालायचा, हे ठरलेलंच असतं. हरल्याची हार घालायला मात्र गळा शोधावा लागतो, आणि आधी बोललेल्याचा पटकन सापडतो.