समोरच्याच्या आईचं नाव

सामन्याच्या दिवशी आमच्या शाळेच्या फुटबॉल संघाला दोन कामं असत. एक, पायाची नखं कापणं. दुसरं, समोरच्या संघातल्या पोरांच्या आयांची नावं पाठ करणं. पहिलं काम कुठल्याही शाळेत होत असेल. दुसरी टूम मात्र आमच्या गुलाब मास्तरांची.

शिट्टी वाजायच्या आधी प्रत्येक पोरानं आपल्यासमोर खेळणाऱ्या पोराकडे जायचं, हात मिळवायचा, त्याचं नाव विचारायचं आणि मग त्याच्या आईचं. "आडनाव इचारायचं नाई बे," मास्तर दम भरत. "आडनावातून जात निंगते. मायच्या नावातून काई निंगत नाई. आन् ज्याच्या मायचं नाव तोंडात हाये, त्याच्या नडगीवर लात बसत नाई."

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. त्या काळात अमरावतीत नव्या माणसाला 'पूर्ण नाव काय?' असं का विचारतात, हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला, दोघांनाही पक्कं ठाऊक असे. मास्तरांनी स्वतःचं आडनाव कधी कुणाला सांगितलं नाही. पगाराच्या मस्टरवर असेल तेवढंच. शाळेत, गल्लीत, बाजारात ते नुसते गुलाब मास्तर.

आता वऱ्हाडात एखाद्या आडदांड पोरासमोर उभं राहून "तुह्या मायचं नाव काय?" असं विचारणं म्हणजे शिवीची पहिली पायरी. भातकुलीच्या पोरांशी सामना होता तेव्हा आमच्या गोलकीपरनं विचारलं आणि पुढच्या क्षणी त्याच्या नाकातून रक्त आलं. मास्तर धावत गेले. मला वाटलं, नाकाचं बघतील.

"नाव सांगतलं का त्यानं?"

"सांगतलं सर. मारल्यावर."

"मंग झालं," मास्तर म्हणाले आणि खिशातला रुमाल पुढे केला.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी मराठी शिकवायचो. पण मास्तर माझ्या घरामागच्या खोलीत राहत, त्यामुळे बाहेरगावी पोरांचे डबे सांभाळायला ते मलाच ओढून नेत. रेषेवर बसून मी त्यांचा आरडाओरडा ऐकत असे. कुणी आडवा पाय टाकायला निघाला की हे ओरडत, "अबे, अनसूयेचा हाये तो! सांभाळ!" आणि खरं सांगतो, पोरगा बिचकायचा. आमची पोरं कुणाला पाडत नसत. जिंकतही फारशी नसत.

मास्तरांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. खोलीत एक खाट, एक शेगडी आणि खाटेखाली तेल पाजलेला चेंडू. रोज संध्याकाळी आणि रविवारी सकाळभर ते पोरांना खेळवत. पोरं घरी गेली की ह्या माणसाला काय करावं ते सुचत नसे. मग माझ्या ओट्यावर येऊन बसत आणि मला नको असलेला खेळ समजावून सांगत.

त्या वर्षी अकोल्याला अंतिम सामना होता. निघायच्या आदल्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, "गुलाबराव, यंदा शील्ड आली नाही, तर संघ दुसऱ्याकडे देणार. संस्थेचा निर्णय आहे." मास्तर त्या रात्री जेवले नाहीत.

अकोल्यात आम्ही एका गोलनं पुढे होतो. सामना संपत आला होता. अकोल्याच्या संघाचा किसन नावाचा पोरगा चेंडू घेऊन सुसाट निघाला आणि आमच्या विनायकानं मागून त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली. ठरवून, नेम धरून. पंचाची पाठ होती. किसन काळ्या मातीत पडला तो उठलाच नाही.

मास्तर मैदानात गेले. मीही मागोमाग.

"याचं नाव काय?"

"किसन," विनायक म्हणाला.

"मायचं?"

"सारजा."

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. पोराला नाव ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्यानं मारलं होतं. इतक्या वर्षांचं त्यांचं शास्त्र त्या एका शब्दात मोडलं, आणि मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"चाल भायेर," ते एवढंच म्हणाले.

विनायक संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा. बदली खेळाडू उतरवायची पद्धत तेव्हा नव्हती. दहा पोरांवर अकोल्यानं दोन गोल चढवले. शील्ड गेली, आठवडाभरात संघही गेला. मास्तरांच्या हाती शाळेच्या नकाशांच्या कपाटाची किल्ली आली.

ते दर रविवारी पहाटे कुठंतरी जायला लागले. पुढं एकदा मलाच अकोल्याला मामेबहिणीकडे जायचं होतं. बडनेऱ्याला गाडीत चढलो, तर डब्यात मास्तर आणि शेजारी विनायक, मांडीवर तिळाच्या तेलाची बाटली घेऊन. घरी शिकवणीचं सांगून आला होता पठ्ठ्या. मामेबहीण राहिली बाजूला, मी त्यांच्याबरोबर किसनच्या घरी गेलो.

सारजाबाई कापसाच्या जिनिंगात कामावर गेली होती. किसन एकटाच खाटेवर पडून होता, पाय लाकडासारखा ताठ. मास्तर खाली बसले. विनायकानं तेल ओतलं, दोघं दोन बाजूंनी गुडघा चोळू लागले.

"सर," किसननं विचारलं, "आवंदा शील्डले खेळीन ना मी?"

"खेळशीन नं बावा. कावून नाई खेळशीन?"

विनायक जोर लावून चोळू लागला. थोड्या वेळानं मास्तर बिडी ओढायला बाहेर आले. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"पयल्याच दिवशी सांगतलं त्यानं. हा गुडघा आता वाकत नाई."

"मग हे तेल?"

"हळू बोला. विनायकाले माईत नाई. त्याले वाटते, आपन चोळलं का पोट्टं उभं राईन." मास्तरांची बिडी काही पेटेना. "कळलं तं तो यायचा बंद होईन. मंग हे पोट्टं दिवसभर एकटं."

"आणि असं किती दिवस चालणार, मास्तर?"

"चालू द्या नं," ते म्हणाले. "रविवारी मी तरी कोठी जाऊ?"