स्थिर की समतोल?

लिमये सरांना कुणी नुसतं ‘बरं आहे’ म्हटलेलं चालत नसे. “बरं म्हणजे कसं? स्थिर की समतोल?” असं ते लगेच विचारायचे. भोरच्या शाळेत ते पदार्थविज्ञान शिकवत, मी मराठी. हेडमास्तरांचीही ह्यातून सुटका नव्हती. दूध घालणाऱ्या धोंडाबाईंना त्यांनी एकदा असंच दारात अडवलं, तर त्या म्हणाल्या, “आमी कसं का असंना मास्तर, दूध नासंल. भांडं आणा.”

अणूंचं नवं शास्त्र हे त्यांचं वेड. संशोधन करायचं होतं, पण संसार आणि नोकरी आधी आली. आता त्यावरची पुस्तकं मागवून वाचत, आणि शिक्षकांच्या खोलीत ऐकायला मी एकटा उरे.

त्यांच्या पत्नी सुमतीबाई वेल्ह्याच्या प्राथमिक शाळेत होत्या. बदलीचे अर्ज दोघांचेही पडून. म्हणून शनिवारची अर्धी शाळा सुटली की सर वेल्ह्याला जात आणि रविवारी परतत. एकदा मीही गेलो. सुमतीबाईंनी आग्रहानं जेवू घातलं, सरांच्या सदऱ्याचं बटण लावून दिलं. दोघांचं बोलणं असं फारसं झालंच नाही. निघताना त्या दारातूनच आत वळल्या.

परतीच्या एसटीत सरांनी विषय काढला. “अणू कधी एकटा नसतो हो. भोवतालाशी देवघेव चालूच. समजा, एकीकडे ऊन, एकीकडे गार आणि हा मधे. इकडून ऊब घेतो, तिकडं देतो. बघणाऱ्याला वाटतं, सगळं निवांत आहे. पण ती नुसती स्थिर अवस्था. ऊब वाहतेच आहे. समतोल नाही आलेला.”

हे असं किती दिवस चालतं, मी विचारलं.

“दोन्हींमधे अंतर आहे तोवर,” ते म्हणाले आणि बाहेर पाहत राहिले.

नसरापूरला गाडी बदलायची होती. भोरची गाडी लागलेलीच होती. मी चढून दोघांची जागा धरली. पलीकडे वेल्ह्याची मुक्कामाची गाडी उभी होती. सर खालीच रेंगाळले, मग खिडकीशी आले.

“उद्याचे माझे तास घ्याल?”

“मी? पदार्थविज्ञानाचे?”

“कविता शिकवा.”

सुमतीबाईंनी सकाळसाठी बांधून दिलेली भाकरी त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि पलीकडच्या गाडीत जाऊन बसले. आमची गाडी आधी सुटली. त्यांनी इकडं पाहिलंसुद्धा नाही.