डुकराच्या मांडीतली गुणवत्ता

बाळांनो, एका जंगलात एक सिंह होता आणि त्याचे दात म्हातारे झाले होते. कधी डुकराचं मांस चामट निघे, कधी पाणचट. मारल्याशिवाय ते कळत नसे, आणि कळेपर्यंत जेवणाचा विचका झालेला असे.

मग बाहेरून शिकून आलेला कोल्हा दरबारात म्हणाला, "महाराज, आधी मारायची गरजच नाही. मांडीच्या स्नायूचा कणभर तुकडा काढायचा. त्यातली प्रथिनं पाहिली, की मांस कसं निघणार ते कळतं."

सिंहाने लगेच डुकरांची परीक्षा जाहीर केली. पहिला येईल त्याला हार, मिरवणूक आणि राजवाड्यात जेवण.

गेनू नावाच्या डुकराचं आजवर कुणी कौतुक केलं नव्हतं. तो रांगेत सर्वांत पुढे उभा राहिला.

त्याची बायको साळू म्हणाली, "अहो, जेवणाचं नीट विचारलंत का?"

"विचारलं की. कोल्हेसाहेब म्हणाले, ताटात मानाची जागा आहे."

"ताटाशी, की ताटात?"

गेनूने आठवून पाहिलं आणि त्याच्या पायांना कापरं भरलं. तेवढ्यात त्याला पुकारलं.

कोल्ह्याने सुई टोचली, तुकडा काचेखाली धरला आणि नाक मुरडलं. "घाबरलास ना? प्रथिनांची पार वाट लागली. मांस पाणचट निघणार. नापास."

गेनू जिवंत घरी आला. साळूने त्याची दृष्ट काढली. पण शेजारचं डुक्कर पहिलं आलं होतं. त्याची मिरवणूक दारावरून गेली आणि गेनूने समोरचं ताट बाजूला सारलं.

"ते काही परत यायचे नाहीत," साळू म्हणाली.

"मोठी झालेली मंडळी मागे वळून बघत नाहीत," गेनू म्हणाला.

त्याने शिकवणी लावली, तीही कोल्ह्याच्या मेहुण्याकडे. पहाटे प्राणायाम, दुपारी चिखलात शांत पडून राहणं, भीती वाटली की हसणं. साळू रडली, भांडली, माहेरी जायला निघाली. गेनू ढिम्म.

पुढच्या परीक्षेत त्याचा पाय जरासुद्धा कापला नाही. कोल्ह्याने तुकडा पुन्हापुन्हा पाहिला. इतकी सुरेख प्रथिनं त्याने कधी पाहिली नव्हती.

निघताना हार सारखा करत गेनू म्हणाला, "पोरांना सांगशील ना, बाप नापास नव्हता म्हणून?"

साळूने मान डोलावली.

त्या दिवशी सिंहाने मागून घेऊन खाल्लं.

तात्पर्य : एका अपयशाने खचू नये. चिकाटी धरली, तर आपल्या अंगच्या गुणांची चव घेणारा कुणीतरी भेटतोच.