लोखंडी गडगडाटाची माघी मोहीम

श्रीगजाननास दंडवत घालोन, आणि शेजारपाजारचे कान शाबूत राहोत ऐसे मागोन, बोरीवली प्रांती जे वर्तले ते लिहितो. शके एकोणीसशे आठ, क्षयनाम संवत्सर, माघमास. ते समयी राजश्री जयवंतराव परब यांनी 'आयर्न थंडर', म्हणजे लोखंडी गडगडाट, नामे वाद्यफौज खडी केली होती. खासे जयवंतराव गिटार धारण करोन गात. ड्रमचा सरंजाम गुणाजी घाडी याजकडे. आणि कॅसिओ नामे बाजा अनुपमाबाई कर्णिक यांचे हवाली. गीते स्वतःची, परंतु आंग्लभाषेत. जयवंतरावांनी शब्दकोश मांडीवर घेऊन रचलेली. मुलुखगिरी म्हणावी तर दोन बारशी आणि कॉलेजचे एक स्नेहसंमेलन, आणि तेथूनही मध्येच माघार.

जयवंतरावांचे तीर्थरूप काशीराम परब मूळचे मालवणकडील. गिरणीचा संप होऊन साचा, म्हणजे कापड विणावयाचा माग, सुटला, तेव्हापासोन एका कारखान्याचे दरवाजावर पहारा करीत. त्यांनी चिरंजीवांस दिंडोशीचे एका कचेरीत कारकुनी पाहोन ठेविली. हे ऐकोन जयवंतराव हवालदिल जाहले, अन्न गोड लागेना. मग मातुःश्री सुगंधाबाईंनी मध्ये पडोन रदबदली केली आणि तीर्थरूपांचा हुकूम सुटला की, माघी गणपतीत तुमचे गाणे आहे, ते पुढे बसोन ऐकू. त्यातील एक अक्षर कळले तर नोकरीचे नाव काढणार नाही. न कळले तर सोमवारी कचेरीत रुजू व्हावे आणि गिटार माळ्यावर चढवावी.

जयवंतरावांस मोठा पेच पडला. अक्षर कळावे कैसे? खुद्द गुणाजीसही आजवर अर्थ लागला नव्हता.

मंडळाचे अध्यक्ष अण्णा यांनी हळदीकुंकू आणि भजन यांमधील वेळ इनाम दिला. फौज मंचावर चढली आणि पहिले गीत सुटले. मग बायांनी पदर कानांवर घेतले, आणि मागील खुर्च्या ओस पडल्या, आणि काशीराम मात्र हाताची घडी घालोन बुरुजासारखे बसोन राहिले. दुसरे गीत आरंभिले तो माइक किंचाळला आणि गतप्राण जाहला. जयवंतरावांनी पाहिले तो तीर्थरूप उठोन खुर्चीखाली चपला चाचपीत आहेत. तेव्हा आंग्लभाषा दगा देऊन पळाली, आणि माइकवाले सहदेव यांजवर पाळण्यातील मालवणी भाषेत तोफ डागली गेली:

"अरे सहदेवा, मेल्या, वायर खंय घातलंस? माझो आवाज खंय गेलो?"

नेमके तेच क्षणी सहदेवांनी वायर जोडिली, आणि 'खंय गेलो', म्हणजे कोठे गेला, हे शब्द स्टेशनापावेतो दुमदुमले. मांडवात हशा पिकला. गुणाजीस प्रथमच गाण्याचा अर्थ कळला, सबब त्याने हर्षे करोन ड्रमवर काठी हाणिली. जयवंतराव शरमेने लाल होऊन थांबू पाहात, तो अनुपमाबाई ओरडल्या, "थांबू नको रे! हेच म्हण!"

मग तेच म्हटले. आवाज खंय गेलो, आणि तो सरला तेव्हा तोंडास येईल ते: साचो खंय गेलो, भोंगो खंय गेलो, माझ्या बापाशीचो गाव खंय गेलो. हशा हळूहळू विरला. पुढले म्हातारे, जे एके काळी गिरणीचे भोंग्यावर उठत, ते 'खंय गेलो' म्हणोन पाठीमागे गाऊ लागले. काशीराम एका पायात चपल घालोन उभे होते, ते तैसेच खाली बसले. अण्णांनी फर्माविले की पुन्हा होऊ द्या. भजनी मंडळी टाळ घेऊन ताटकळली, परंतु तक्रार केली नाही.

घरी येऊन तीर्थरूप पाठ फिरवोन निजले. जयवंतराव तैसेच उपाशी निजले. सकाळी उठोन पाहतात तो काशीराम खिडकीत आरसा टांगून दाढी करीत आहेत, गालास साबण, आणि साबणाआडून बारीक सूर येतो आहे, भोंगो खंय गेलो. जयवंतराव दारात खिळले. आरशातून नजरानजर जाहली. वस्तरा थांबला.

"थंय सूर चुकता तुझो," तीर्थरूप वदले. "भोंगो असो नाय वाजत. लांब ओढ."

आणि स्वये ओढोन दाखविला. ऐसी फौजेची फत्ते जाहली, ती येथे नमूद केली असे.