उसन्या चिंता

डोंगरावरच्या गावाची आमा, म्हणजे आईच, अशा मनसराआमाच्या धाकट्या नातीला पहिला भात भरवला, त्या वर्षीच्या फागुनातली ही गोष्ट. खालच्या बेंसीशहरहून पाहणीचं काम करणारी पबित्रा डोंगर चढून आली. मनाची घालमेल ओळखायचे परदेशी प्रश्न नेपाळी माणसाला लागू पडतात का, हे तिला तपासायचं होतं. तेच प्रश्न पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचे. उत्तरं जुळली नाहीत तर नोकरी जाणार, हे मात्र ती बोलली नाही.

"आमा, झोप लागते?"

"लागते की."

"जीव घाबरतो?"

"छे!"

पोरगी उतरून गेली आणि आमाला चुटपुट लागली. एवढा चढ चढून आली, चिंताच मागितली, आणि आपण रित्या हातानं धाडली! दारी आलेल्याला या घरानं कधी असं पाठवलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला आमा तयारीत होती.

"झोप?"

"डोळ्याला डोळा नाही गं!"

"धडधड?"

"छातीत ढोल वाजतो."

"काही वाईट घडेल असं वाटतं?"

"रोज. जेवणाआधी."

पबित्रा रडायच्या बेतात आली. "आमा, माझी नोकरी गेली! शिवाय इतकं बिघडलंय म्हटल्यावर मोठे डॉक्टर तुम्हाला तपासायला येणार."

"इथं? पाहुणा?" आमानं अंगणातल्या लाल कोंबड्याकडे एकदा पाहिलं.

शनिवारी डॉक्टर रिजाल धापा टाकत ओसरीवर टेकले. "आमा, खरं सांगा. या चिंता तुमच्याच ना?"

"माझ्या कुठल्या? शेजारच्या सुकमतीकडून मागून आणल्या. तिच्याकडे रग्गड आहेत."

डॉक्टरांनी पबित्राकडे डोळे वटारून पाहिलं. आमानं घाईनं विषय बदलला. "तुम्हाला झोप लागते का, बाबा?"

"कुठली! अहवाल द्यायचाय."

"धडधड?"

"या चढावर? अजून थांबली नाही."

"काही वाईट घडेल असं?"

"उतरायचंय ना परत!"

पबित्राचा हात सवयीनं उत्तरं टिपत होता. "सर," ती हळूच म्हणाली, "तुमचे चिंतेचे गुण आमापेक्षा जास्त आलेत."

डॉक्टर पोट धरून हसले. भात-रस्सा हाणून ओसरीवरच दुपारभर घोरले. उठल्यावर म्हणाले, "पबित्रा, सुकमतीचं घर कुठलं? चल, दाखव. आणि पुढच्या गावापासून आधी सांगायचं, की चिंता नसली तरी चालते."

नोकरी वाचली. चिंतेनं कुणी मेलं नाही. लाल कोंबडा मात्र त्याच शनिवारी, दुपारच्या जेवणाआधी मेला.